घड उचलणारा माणूस

कार्टून काढणं हे काम आहे, असं धुळ्यात अजून कोणाला पूर्णपणे पटलेलं नाही. मी छत्तीस वर्षं हेच केलं. त्यातली पहिली बरीच मुंबईत आणि हैदराबादेत गेली, उरलेली देवपुरात, घराच्या वरच्या मजल्यावर. लग्नाच्या पंगतीत बाजूचा माणूस विचारतो, "आता ते कॉम्प्युटरच काढत असेल ना सगळं?" मी हो म्हणतो आणि जिलेबी घेतो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि पंगतीत तेवढा वेळ नसतो. दिवाळी अंकात असतो, म्हणून इथे सांगतो.

आधी धंदा समजावून घ्या. पडद्यावरचं चित्र चालतं, कारण आम्ही एका सेकंदात चोवीस चित्रं दाखवतो. पूर्वी ती सगळी कागदावर काढायचो. आता कॉम्प्युटरात एक बाहुला तयार ठेवलेला असतो. हात, पाय, गुडघे, सगळ्याला सांधे. त्याला उभं करायचं, वाकवायचं, पुन्हा उभं करायचं, मधली बरीच चित्रं यंत्र स्वतः भरतं. यात एकच अडचण आहे. बाहुल्याला वजन नसतं. तो पंचवीस किलोचं पोतं आणि रिकामी पिशवी सारख्याच आनंदाने उचलतो. वजन आपण द्यायचं असतं, आणि ते देण्यासाठी खरी माणसं वजन कसं पेलतात हे डोळ्यांत साठलेलं असावं लागतं. म्हणून चित्रकलेच्या कॉलेजात समोर माणूस उभा करून त्याचं चित्र काढायला लावतात. मीही तरुणपणी शेकड्यांनी काढली. मग कामं वाढली आणि मी माणसं बघणं बंद केलं. बंद केलं हे मला तीनेक वर्षांपूर्वी रावेरला कळलं.

रावेरच्या प्रल्हादभाऊंचं केळी पॅकिंगचं मोठं शेड आहे. बागेतून घड येतात, फण्या कापतात, हौदात धुतात, खोक्यांत भरतात. मजुरांच्या कंबरा जात होत्या. चांगली धडधाकट माणसं चाळिशीत घरी बसत होती. प्रल्हादभाऊंनी कागदी सूचना लावून बघितल्या, त्यावर लोकांनी पानाचे डाग लावले. म्हणून त्यांनी मला चार मिनिटांचं कार्टून करायला सांगितलं. घड कसा उचलावा, कसा उचलू नये. "बायाबापड्यांना समजलं पाहिजे, सर," ते म्हणाले. "आणि हसून हसून बघितलं पाहिजे."

दुसरी अट मी जास्तच पूर्ण केली. शेडच्या भिंतीवर फिल्म लावली. मिशीवाला एक गुटगुटीत मजूर येतो, चुकीच्या पद्धतीने घड उचलतो, त्याच्या कंबरेतून ठिणग्या उडतात. इथे कोणी हसलं नाही. मग तो गुडघ्यांत वाकून बरोबर पद्धतीने उचलतो. इथे शेड हसलं. हौदापाशी बसणाऱ्या कमलअक्का नावाच्या बाई होत्या, वीस वर्षं फण्या धुतलेल्या. त्यांनी हात पुसत विचारलं, "भाऊ, याचा घड रिकामा आहे का?"

मी परत फिल्म बघितली. अक्कांचं बरोबर होतं. माझा मजूर घडाखाली हात घालायचा आणि सरळ वर यायचा, लिफ्टसारखा. पाय फाकत नव्हते, श्वास धरत नव्हता, मान आधी की खांदा आधी याचा पत्ता नव्हता. प्रल्हादभाऊ सभ्य माणूस. म्हणाले, "थोडं सुधारून आणा." रावेर ते धुळे मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

धुळ्याला पोचल्यावर मी ठरवलं की पुन्हा माणूस समोर उभा करून चित्रं काढायची. देवपुरात असा माणूस मिळणं सोपं नाही. मुंबईच्या कॉलेजात मॉडेल कमी कपड्यांत उभी राहतात. ते इथे सांगायचीसुद्धा सोय नाही. मला धोतर-बंडीत उभा राहणारा, आयुष्यभर वजन उचललेला माणूस हवा होता. आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर उखाआबा बसायचे. मूळचे शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातले, तीस वर्षं मार्केट यार्डात हमाली करून थांबलेले. वय सत्तरच्या आसपास. खांदे अजून दाराच्या चौकटीसारखे.

मी त्यांना कामाचं स्वरूप सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"नुसतं उभं ऱ्हावानं?"

"हो आबा. हलायचं नाही. वीस मिनिटं."

"आनि तुम्ही काय करशात?"

"आम्ही बघणार आणि काढणार."

"हाई काय काम शे?" आबा म्हणाले. पण रविवारी दहाला आले. सोबत त्यांची सून होती. तिने वरच्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्या बघितल्या, मोरीसुद्धा, आणि तासभर दारात बसून राहिली. दुसऱ्या रविवारी आली नाही. आम्ही परीक्षेत पास झालो होतो.

रविवारच्या या वर्गात आम्ही चौघं. माझ्याकडे काम करणारी दोन पोरं, मी, आणि सरलाभाभी. भाभींचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं, त्यांचं साड्या-धोतरांचं दुकान आहे. मुलं मोठी झाली, दुकान मुलगा आणि सून बघायला लागले, तशा त्या चित्र शिकायला आल्या. कार्टूनशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी आबांचं जे काढलं त्यात आबा कमी आणि धोतर जास्त होतं. मी मनातल्या मनात त्यांना सोडून दिलं.

आबा अप्रतिम उभे राहत. आम्ही आधी एक-एक मिनिटाच्या झटपट पोझ घ्यायचो, मग पाच मिनिटांची, शेवटी वीस मिनिटांची. मी त्यांच्या हातात अर्धं भरलेलं पोतं द्यायचो आणि म्हणायचो, उचलायला लागा आणि मध्येच थांबा. साध्या माणसाला ते जमत नाही, तो पडतो. आबा अधांतरी थांबत आणि गप्पा मारत. एकदा पोतं गुडघ्यावर टेकवून थांबले असताना म्हणाले, "तीस वरीस पोतं उचलीसन कोनी देखं नही. आते नुस्ता उभा शे ते बठ्ठा लोक देखी राहिनात."

दोन महिन्यांत आमच्या कामात फरक पडला. कुठला ते सांगतो. उचलण्याआधी माणूस ओझ्याकडे जात नाही, आधी किंचित मागे जातो, जणू त्याचा विचार बदललाय. पाऊल बोटांवर फिरतं. तोंड मिटतं. ओझं जमिनीवरून सुटतं तेव्हा डोकं सगळ्यात शेवटी वर येतं. हे मला कॉलेजात कोणी तरी सांगितलं होतं आणि मी विसरलो होतो. आता ते हाताला आठवलं. बाहुल्याच्या सांध्यांशी झटणारी माझी पोरं खुर्चीतून उठून स्वतः वाकून बघायला लागली. आमचा मिशीवाला जड झाला.

याच दोन महिन्यांत दुसरी एक गोष्ट घडत होती, ती मला दिसली नाही.

उभ्या माणसाचं चित्र बरोबर आहे का हे तपासायची एक जुनी रीत आहे. गळ्याच्या खळगीतून मनाने एक ओळंबा, गवंड्याचा वजन बांधलेला दोरा, खाली सोडायचा. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर तो पावलांच्या मधे पडतो, एका पायावर असेल तर त्या पावलावर. मी वर्गात फिरून लाल पेन्सिलीने हा ओळंबा मारायचो आणि चूक सरळ करायचो. सरलाभाभींच्या चित्रात आबांच्या धोतराचा काठ डावीकडे खाली उतरलेला असायचा. मी लाल रेघेने तो सरळ केला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

"भाभी, आबा दोन्ही पायांवर उभे आहेत. कंबर सरळ हवी."

"सर, धोतर डावीकडे लोंबतंय."

"नेसताना झालं असेल."

भाभींनी पेन्सिलीने काठ दाखवला. "सर, दुकानात मी वीस वर्षं काठ बघितलेत. आबा रोज सारखंच नेसतात. पहिल्या महिन्यात बरोबर होतं. आता नाही."

मी म्हणालो की काठाकडे बघू नका, माणसाकडे बघा. हे वाक्य मी त्या दिवशी बऱ्यापैकी मोठ्याने म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. शिकवणाऱ्याला अशी वाक्यं सुचली की ती वाया घालवता येत नाहीत. भाभींनी वाद घातला नाही. त्या आपल्या वहीत तारीख टाकून दर रविवारी काठ जिथे दिसेल तिथे काढत राहिल्या आणि मी दर रविवारी तो सरळ करत राहिलो.

नवी फिल्म घेऊन मी रावेरला गेलो. या वेळी कोणी हसलं नाही. मिशीवाल्याने घड उचलला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका माणसाने नकळत स्वतःच्या मांडीवर हात दाबला. कमलअक्का म्हणाल्या, "आता भरलेला आहे." एवढी शाबासकी मला मुंबईत कोणी दिली नव्हती. प्रल्हादभाऊ खूश झाले. म्हणाले, भरलेलं कॅरेट ट्रकवर चढवायचाही एक प्रसंग घाला, मग आजूबाजूच्या शेडनाही दाखवू. केळी भरून ट्रक जायचा हंगाम आठवड्यावर आला होता. मी हो म्हणालो.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी आबांना पोतं खालून छातीपर्यंत उचलायला लावलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दर वेळी वेगळ्या क्षणाला थांबवायचो आणि आम्ही काढायचो. आबांनी आठ वेळा उचललं. सरलाभाभींनी पेन्सिल खाली ठेवली.

"सर, त्यांना आता उचलू देऊ नका."

"आबा, दमलात का?"

"काहीच नही व्हयनं," आबा म्हणाले.

"एकच शेवटचं," मी म्हणालो.

आबांनी नवव्यांदा उचललं. छातीपर्यंत नेलं, माझ्या सांगण्याप्रमाणे थांबले, मग पोतं व्यवस्थित खाली ठेवलं, भिंतीला टेकले आणि हळूच जमिनीवर बसले. उठता आलं नाही. ओरडले वगैरे नाहीत. फक्त म्हणाले, "मास्तर, जराक थांबूत."

आम्ही त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून खाली आणलं आणि भाभींच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. एक्स-रे निघाला. डाव्या खुब्याचा सांधा झिजून गेलेला आणि त्याच्याखाली हाडाला तडा. डॉक्टर तरुण होते, त्यांनी आबांना विचारलं, "दुखणं कधीपासून आहे?"

"आजच," आबा म्हणाले.

"आज एवढं झिजत नाही, आबा."

आबा छताकडे बघायला लागले. धावत आलेल्या सुनेला काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तेव्हा सरलाभाभींनी पिशवीतून वही काढून डॉक्टरांपुढे ठेवली. रविवारमागून रविवार, तारखेसकट. डॉक्टरांनी पानं उलटली, मग खिडकीपाशी जाऊन नीट उलटली. पहिल्या चार चित्रांत काठ सरळ होता. पाचव्यात बोटभर खाली. मग प्रत्येक वेळी थोडा अजून.

"पाचव्या रविवारपासून हा माणूस डावा पाय वाचवत उभा होता," डॉक्टर म्हणाले. "चित्रं चांगली आहेत. या लाल रेघा कोणी मारल्या?"

"मी," मी म्हणालो.

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की डोळ्यांना दिसतं ते काढा, माहीत असतं ते काढू नका. माझ्या डोळ्यांपुढे एक माणूस दर रविवारी थोडा थोडा कलत होता आणि मी त्याला पेन्सिलीने उभा करत होतो.

ऑपरेशन झालं, सांधा बदलला. तिसऱ्या दिवशी मी आबांना भेटायला गेलो. सून बाहेर चहा आणायला गेली होती. मी विचारलं, "आबा, सांगितलं का नाही?"

"सांगतू ते तुम्ही उभं करतात का माले?" आबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "यार्डमा मी शंभर मानूसमा एक व्हतू. तुमना आठे एकलाच व्हतू."

काही तरी करायचं म्हणून मी मोबाइलवर त्यांना फिल्म दाखवली. त्यांनी अजून बघितली नव्हती. मिशीवाला आला, वाकला, घड उचलला. आबांनी पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा बघून त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"हाऊ मनामायक करी राहिना. डावा पायवर जीव देत नही. दुखनं दपाडी राहिना हाऊ."

मी बघितलं. आबा म्हणत होते ते खरं होतं, तो आबांसारखाच दुखणं लपवत होता. माझा मिशीवाला सगळा भार उजव्या पायावर घेत होता आणि उठण्याआधी कंबरेतून उजवीकडे पिळत होता. कंबरेचं वाटोळं करायची याहून खात्रीची पद्धत नाही. तेच आम्ही 'बरोबर पद्धत' म्हणून रावेरला दाखवून आलो होतो. लोक हसले नाहीत, कारण ते खरं दिसत होतं. खऱ्या आजारी माणसाचं होतं ते.

मी प्रल्हादभाऊंना फोन केला आणि फिल्म बंद ठेवायला सांगितलं. त्यांना कळेना. "सर, लोकांना आवडली की. कालच शेजारच्या शेडने मागितली."

"भाऊ, त्यातला माणूस चुकीचं उचलतोय."

"मग तुम्हीच तर काढलाय."

"हो," मी म्हणालो. तो आठवडा मला बऱ्याच लोकांना हो म्हणावं लागलं. हंगाम हुकला. प्रल्हादभाऊंनी आवाज चढवला नाही, पण दोन महिने फोनही केला नाही.

आबा काठी घेऊन चालायला लागले, तेव्हा सुनेने निरोप दिला की ते रविवारी सकाळी उगीच आवरून बसतात. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण गेलो. आबांना वरच्या मजल्यावर चढवता येत नव्हतं, म्हणून वर्ग खाली अंगणात आणला. आबांना खुर्चीत बसवलं. मी म्हणालो, आता तुम्ही बसलेल्या पोझ द्या. आबांना ते कमीपणाचं वाटलं. "बसेल मानूसनं काय देखशात?" मग पोत्याकडे काठी करून म्हणाले, "तुम्ही उचला. मी देखस."

माझी पोरं उचलायला गेली. आबांनी दोघांना नापास केलं. मी उचललं, मलाही केलं. मग सरलाभाभींनी पदर खोचला. आम्ही नको म्हणालो. पोतं वीस किलोचं होतं. भाभी म्हणाल्या, दिवाळीत कापडाचे गठ्ठे कोण चढवतं असं वाटतं तुम्हाला?

"भाभी, पोतं पोटजोडे ल्या," आबा म्हणाले. भाभींनी ते पोटाशी ओढलं. "आजून जोडे. आते गुडघा. कंबर नही, गुडघा. दोन्ही पायवर जीव द्या. हां. आते उठा."

भाभी उठल्या. सरळ, सावकाश, पीळ न देता. आबांनी काठी आडवी मांडीवर ठेवली, म्हणजे त्यांच्या हिशेबी विषय संपला. भाभींनी तेच दहा वेळा करून दाखवलं, आणि दर वेळेआधी आबांनी त्यांना दमलात का असं दोनदा विचारलं. आम्ही काढलं. या वेळी मी लाल पेन्सिल आणली नव्हती. ती मी कुठे तरी ठेवली आहे आणि शोधत नाही.

तिसरी फिल्म घेऊन मी रावेरला न बोलावता गेलो. भाभींची गाडी होती, पुढे आबा काठीसकट बसले होते. प्रल्हादभाऊंनी चहा विचारला, ही चांगली खूण होती. भिंतीवर फिल्म लागली. मिशीवाला आला, दोन्ही पाय रोवले, घड पोटाशी घेतला आणि उठला. मागून एक तरुण मजूर म्हणाला, "हा बाईमाणसासारखा उचलतोय."

कमलअक्कांनी मागे वळून बघितलं. "म्हणून तर मी वीस वर्षं इथे आहे," त्या म्हणाल्या. "तुझा भाऊ कुठे आहे?" तो भाऊ कंबरेचा पट्टा बांधून घरी होता, हे मला नंतर कळलं. प्रल्हादभाऊंनी फिल्म दुसऱ्यांदा लावायला सांगितली. या वेळी दोन-तीन जण उठले आणि भिंतीसमोरच मोकळ्या हातांनी वाकून बघायला लागले. आबा खुर्चीतून काठीने त्यांच्या पावलांची जागा दाखवत होते.

परतीच्या वाटेवर भुसावळ गेलं, जळगाव गेलं. एरंडोलच्या पुढे त्यांनी विचारलं, "मास्तर, फिल्ममा मी कोठे शे?"

मी खरं सांगायचं ठरवलं. म्हणालो, "तोंड मिटणं तुमचं आहे, आबा. खांदे तुमचे. उचलण्याआधीचं मागे सरकणंही तुमचं. कंबर भाभींची घेतली."

भाभी गाडी चालवत होत्या, त्यांनी आरशात बघितलं नाही. पारोळ्याला आबांनी काठी दोन्ही गुडघ्यांत उभी धरली.

"मंग बरं शे," ते म्हणाले. "मनी कंबर कोनलेच नको देजो."